बारा चित्रांतलं एक चित्र

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर केळी आहे. मुलगा अकरावी सायन्स करून आता बारावीला जाईल. दिवसरात्र मोबाइलवर जपानी कार्टून बघतो आणि चित्रं काढतो, दोनशे पानी तीन रजिस्टरं भरलीत. एलिमेंटरीला ए आणि इंटरमिजिएटला बी ग्रेड आहे. ॲनिमेशनच करायचं, पुढं जपानला जायचं म्हणतो. शहरातल्या एका संस्थेनं पंधरा महिन्यांच्या कोर्सची फी साडेतीन लाख सांगितली. नोकरीची शंभर टक्के हमी, आणि महिनाअखेरच्या आत बुकिंग केलं तर चाळीस हजारांची सूट. बारावी बाहेरून देता येईल म्हणाले. माझं मन बीएस्सी ॲग्रीकडं आहे. मुलगा म्हणतो, हे नाही तर काहीच नाही. कार्टून काढून पोट भरतं का? त्याची बारा चित्रं सोबत पाठवतो. – एक पालक

रामराम भाऊ,

आधी घाईचं बोलतो. महिनाअखेरची सूट जाऊ द्या, एक रुपयाही भरू नका. आणि बारावी बाहेरून वगैरे काही नाही, पोरगा कॉलेजात बसूनच बारावी करेल. कारण पुढं सांगतो.

शंभर टक्के हमीचं तुम्हाला मी काय समजावणार? तुम्ही केळीवाले. फळ्यावर लागलेला भाव आणि कापणीच्या दिवशी व्यापारी बांधावर उभा राहून देतो तो भाव, यातला फरक तुम्ही दर हंगामात भोगता. ही हमी फळ्यावरच्या भावासारखी आहे. त्या संस्थेत जा आणि एवढंच म्हणा, दोन वर्षांपूर्वी इथून शिकून गेलेल्या पाच मुलांचे नंबर द्या, मी फोन करतो. भिंतीवरचे फोटो नकोत, नंबर हवेत. दिले तर खरंच फोन करा, कुठं काम करतो, काय काम करतो आणि पहिल्या वर्षी हातात किती पडले ते विचारा. नाही दिले, तर उत्तर मिळालंच.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या एका मुलीला अशाच एका ठिकाणी मीच पाठवलं होतं. माहितीपत्रक गुळगुळीत होतं, संगणक नवे होते, मी भुललो. आठ महिन्यांत संस्थेनं गाशा गुंडाळला आणि तिच्या वडिलांचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, म्हणून ते अजून जास्त लागतं. ती मुलगी नंतर स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, पण त्यात माझं श्रेय काही नाही.

आता चित्रं. बारा बघितली, दोनदा बघितली. अकरा चित्रांत नारुतो, लुफी ही जपानी कार्टूनमधली पात्रं आणि त्यांचे भाऊबंद आहेत. रेघ स्वच्छ आहे, हात बसलेला आहे. पण ती नक्कल आहे, आणि नकलेवरून मला एवढंच कळतं की पोरगा चिकाटीचा आहे. नक्कल करणं वाईट असं मी म्हणत नाही, कलाशिक्षक म्हणून वीस वर्षं मुलांना नकलाच करायला लावल्या. आपल्या भुसावळच्या मातीत मेजर रॉबर्ट गिल पुरलेला आहे. लोकांना त्याची आणि पारोची प्रेमकथा तेवढी माहीत असते. त्या माणसानं १८४४ पासून पुढची कित्येक वर्षं अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवण्यात घालवली. त्यातली बरीचशी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तर पठ्ठ्या पुन्हा कामाला लागला. नकलेलाही असं आयुष्य देता येतं. पण ॲनिमेशनच्या धंद्यात नक्कल ही बाराखडी झाली, पुढं स्वतःचं वाक्य लिहावं लागतं.

बारावं चित्र मात्र वेगळं. ते तुम्ही उलटं पाठवलंय आणि बहुतेक चुकून पाठवलंय, कारण त्याच्या कोपऱ्यात भौतिकशास्त्राचं गणित आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर केळीचा घड, मान एका बाजूला दबलेली, एक हात घडाला आणि दुसरा तोल सांभाळायला मागं गेलेला. चेहरा काढलेलाच नाही. तरी ओझं दिसतं. हे त्यानं कुठल्या मोबाइलमध्ये बघितलेलं नाही, तुमच्या मळ्यात कापणीच्या दिवशी बघितलंय. तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहितोय ते या एका चित्रामुळं.

कारण ॲनिमेशन म्हणजे वजन दाखवणं. कार्टून बघणाऱ्याला रंग, मारामाऱ्या, केसांची ठेवण दिसते. करणाऱ्याला उडी मारण्याआधी गुडघे किती वाकले आणि खाली आल्यावर अंग किती दबलं ते दिसावं लागतं. सिनेमात एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात. हातानं काढणारे बहुतेकदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तुमच्या मुलाच्या तिन्ही रजिस्टरांची मिळून सहाशे पानं होतात. म्हणजे झाले पन्नास सेकंद. हा हिशोब त्याला सांगा आणि त्याचं तोंड बघा. हिरमुसला तर तो कार्टूनचा प्रेक्षक आहे, आणि उत्तम प्रेक्षक असणं हा काही गुन्हा नाही. आम्हीही वेताळाच्या इंद्रजाल कॉमिक्ससाठी मार खाल्लाय. ‘पन्नास सेकंदांत काय काय बसेल’ असं मनात मोजायला लागला, तर मग आपण पुढं बोलू.

पोट भरतं का, या प्रश्नाचं उत्तर : भरतं, पण उशिरा, आणि सगळ्यांचं नाही. आपल्याकडं हा धंदा कालचा नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रसंस्थेचा कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथं पहिल्या तुकडीला शिकवलं, आणि ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात ते राम मोहन त्याच विभागातून पुढं आले. आज मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर इथं स्टुडिओ आहेत. छोटा भीम हैदराबादेत तयार होतो. पण नवख्याला पहिल्या दिवशी छोटा भीम काढायला देत नाहीत. बहुतेक मुलं ‘रोटो’वर लागतात, म्हणजे चित्रीकरणातल्या नटाची कड चौकटीमागून चौकट कोरून काढायची, मागचं दृश्य बदलता यावं म्हणून. दहा सेकंदांचा तुकडा असेल तर २४० चौकटी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला माझा एक विद्यार्थी तीन वर्षं हेच करत होता. दिवाळीला आला की म्हणायचा, सर, हिरोच्या कानाचा आकार मला त्याच्या आईपेक्षा जास्त पाठ आहे. पहिल्या वर्षाचा पगार खोलीभाडं, डबा आणि लोकलच्या पासात संपायचा.

त्यात हे काम बरंचसं परदेशी कंपन्यांचं असतं. तिकडं शिंक आली की इकडं ताप येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही मोठी फ्रेंच कंपनी कोसळली आणि बंगळूर-मुंबईतल्या अनेकांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. आणि ‘एआय’चं म्हणाल तर यंत्र आधी खातं ते कड कोरण्याचं आणि हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरण्याचं काम. पंधरा महिन्यांत फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवणारा कोर्स पोराला नेमका याच रांगेत उभा करतो. साडेतीन लाखांना माझा विरोध आहे तो यासाठी.

जपानचं थोडक्यात सांगतो. तिथंही दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरणाऱ्या नवख्याला चित्रामागं पैसे मिळतात आणि त्यात भागत नाही, अशी तिथल्याच लोकांची ओरड आहे. भाषा आल्याशिवाय दारही उघडत नाही. स्वप्न असू द्या, पण त्याच्यावर आज पैसे लावू नका.

मग काय करायचं? पोळ्यापर्यंत त्याला एक काम द्या. तो घड वाहणारा माणूस दहा पावलं चालवून दाखवायचा, फक्त रेघांत, रंग नको, पार्श्वभूमी नको. घरी जुना लॅपटॉप असला तर क्रिटा आणि ब्लेंडर ही चित्रं काढायची आणि हलवायची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. ‘फुकटचं म्हणजे हलकं’ असं कोणी म्हणालं तर सांगा, २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ‘फ्लो’ ब्लेंडरवर झालेला आहे. लॅपटॉप नसला तर वहीच्या कोपऱ्यात काढून पानं फडफडवायची, तेही चालतं. आणखी एक मजा करता येईल. आपले दादासाहेब फाळके १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चौकटीचौकटीनं टिपत बसले होते. तुमच्याकडं तर अख्खा मळा आहे. मोबाइल एका जागी बांधून केळीच्या पोग्यातून पान उलगडताना रोज ठरल्या वेळी फोटो घ्यायला सांगा. बाप-लेकाला निदान एका विषयावर बोलायला मिळेल.

बारावीबद्दल हट्ट का, ते आता. या विषयातली चांगली सरकारी दारं बारावीनंतरच उघडतात. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी डिझाइनच्या पदवीला ‘यूसीड’ ही परीक्षा असते, जानेवारीत होते, कुठल्याही शाखेचा बारावीवाला देऊ शकतो, लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा मराठी माध्यमाच्या पोरानं इंग्रजी वाचनाची सवय आजपासून लावावी. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा दोन टप्प्यांत असते. दोन्हीकडं जागा मोजक्या आणि रांग देशभराची, म्हणून त्यांच्यावरच विसंबू नका. माझ्या मते त्याच्यासाठी खरं दार तिसरं आहे. राज्याची कला सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि उपयोजित कलेच्या बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, जायचं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, नागपूरला आहे. या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं, म्हणजे इंटरमिजिएटला त्यानं जे केलं त्याचाच मोठा भाऊ. पदवीची चार वर्षं जातील हे खरं. पण त्या चार वर्षांत अक्षर, मांडणी, माणसाचं शरीर, रंग असं सगळं हाताखालून जातं, आणि उद्या ॲनिमेशनचा धंदा बसला तरी जाहिरात, पुस्तकं, पॅकिंगचं डिझाइन यात हात चालतो.

शेतीचं दारही बंद करू नका. कृषी पदवीसाठी लागणारी एमएचटी-सीईटी त्यानं द्यावी, फॉर्म भरल्यानं कोणी शेतकरी होत नाही. मात्र ‘ॲग्रीच कर’ असं सध्या म्हणू नका. ‘हे नाही तर काहीच नाही’ हे सतरा वर्षांचं पोरगं बोलतं तेव्हा त्याला त्या काहीच नाहीचा अर्थ माहीत नसतो, तुम्हाला माहीत असतो. दोघांनी एकाच वेळी हट्टाला पेटायची गरज नाही. आणि मोबाइल हिसकावू नका. आवडती मारामारी एकेक चौकट थांबवून बघायला आणि पायांची जागा वहीत टिपायला सांगा. तोच मोबाइल, पण डोळा बदलतो.

त्याची आजी घरात जी बोली बोलते, लेवा असेल किंवा तावडी, त्या बोलीत बोलणारं एक पात्र त्यानं करावं असं माझ्या मनात आहे. पण ते पोळ्यानंतर बघू, आत्ता सांगू नका.

दहा पावलं झाली की मला पाठवा, सरळ धरून. तोवर त्याला एक विचारून ठेवा. त्या घडवाल्या माणसाचा डावा पाय चिखलात आहे, तो आत जातोय की बाहेर येतोय, हे मला चित्रावरून कळलं नाही.