देखणा कोण, हा प्रश्न कोणत्या इंद्रियाला विचारायचा?

प्रश्न : आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून एक वाद मिटता मिटत नाही. सासूबाईंच्या मते देव आनंदसारखा देखणा नट हिंदी पडद्यावर झालाच नाही. मी विनोद खन्नाच्या बाजूची आहे. महाविद्यालयात शिकणारी लेक हृतिक रोशनपुढे कोणालाही उभे करायला तयार नाही. यजमान मात्र मध्येच दिलीपकुमारचे नाव काढतात आणि आम्ही तिघी हसू लागलो, की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात. आपण निकाल द्यावा. – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : निकाल देतो, मात्र त्याआधी आपल्या यजमानांची बाजू थोडी सावरून घेतो, कारण या वादात सर्वांत भक्कम उमेदवार त्यांनी उभा केला आहे आणि त्याला सर्वांत कमी मते पडली आहेत. शिवाय आपण नाशिककर असल्यामुळे या प्रकरणात आपला थोडा घरचा संबंधही येतो. आपले विनोद खन्ना आणि यजमानांचे दिलीपकुमार हे दोघेही देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेले. दोघांमध्ये जवळजवळ पाव शतकाचे अंतर होते, त्यामुळे त्यांची तेथे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोघांचाही जन्म पेशावरचा, शाळा देवळालीची, आणि पुढे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या नावाचा पुरस्कारही दोघांना मिळाला, विनोद खन्नांना मरणोत्तर. इतके सारे समान असूनही पडद्यावर त्यांचे आकर्षण एकमेकांच्या अगदी उलट रीतीने काम करते, आणि आपल्या घरातल्या वादाचे मूळ नेमके तेथेच आहे.

मी आपल्याला एक प्रयोग सुचवतो. तो रविवारी दुपारी घरच्या घरी करता येईल. चारही नटांचे एकेक स्थिर छायाचित्र समोर ठेवा आणि मत नोंदवा. नंतर त्यांच्या चित्रपटांतील एकेक प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा आणि पुन्हा मत नोंदवा. शेवटी पडद्याकडे पाठ करून नुसते संवाद ऐका. गाणी मात्र या प्रयोगात घेऊ नका, कारण हिंदी नायकाच्या आवाजाची मोहिनी बऱ्याच वेळा उसनी असते. १९४९ च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमारसाठी मुकेश गायले आणि राज कपूरसाठी महंमद रफी; राजेश खन्नावर १९६९ च्या ‘आराधना’नंतर मुली ज्या भाळल्या, त्यात किशोरकुमारच्या गळ्याचा वाटा किती आणि मान तिरपी करून पापण्या मिटण्याच्या लकबीचा किती, हा हिशेब आजही कोणाला मांडता येणार नाही.

पहिल्या फेरीत आपण जिंकाल, असे मला वाटते. विनोद खन्ना यांचा चेहरा स्थिर चित्रासाठीच घडवलेला होता. रुंद जबडा, हनुवटीवरची खळी, खोल डोळे आणि उंची, यांतले काहीही सिद्ध करण्यासाठी त्यांना हालचाल करण्याची गरज नव्हती. त्यांनी पडद्यावर पाऊल ठेवले ते खलनायक म्हणून, आणि १९७१ च्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये ते डाकू होते. इतक्या देखण्या माणसाला डाकू करणे ही दिग्दर्शकाची जोखीमच म्हणावी लागेल, कारण प्रेक्षकाचे मन नायकाकडून खलनायकाकडे सरकण्याची भीती असते, आणि तसे ते थोडे सरकलेही.

दुसऱ्या फेरीत, म्हणजे आवाज बंद केल्यावर, सासूबाई आणि नात यांच्यात चुरस होईल आणि त्या दोघींचे पक्ष मुळात एकच आहेत, हे घरात पहिल्यांदा लक्षात येईल. देव आनंद यांचे छायाचित्र नीट पाहिले, तर दातांमधली फट दिसते, मान किंचित बारीक वाटते. पण तो माणूस चालू लागला, की छायाचित्रात दिसणारे हे सारे विसरायला होते. ती तिरकी, घाईची चाल, हात सैल सोडून पुढे झुकणे, मानेची ती झटकन होणारी होकारार्थी हालचाल, यांतला एकही भाग स्थिर चित्रात मावत नाही. हृतिक रोशन यांचेही तसेच आहे. २००० साली ‘कहो ना प्यार है’ आला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु प्रेक्षक चित्रपटगृहात परत परत गेले ते नृत्यासाठी, असे माझे मत आहे. लेकीला आजीबरोबर बसवून दोघींचे नट मूकपणे दाखवा. तडजोड होण्याची शक्यता आहे.

तिसऱ्या फेरीत आपले यजमान वर्तमानपत्र खाली ठेवतील. दिलीपकुमार यांचा आवाज मोठा नव्हता. इतर नट जेथे स्वर चढवत, तेथे ते तो उतरवत, वाक्याच्या मध्येच थांबत, आणि त्या थांबण्यात ऐकणारा आपोआप पुढे सरके. ज्याचे बोलणे ऐकण्यासाठी आपल्याला जवळ जावे लागते, त्याच्याविषयी वाटणारी ओढ नुसत्या पाहण्याने निर्माण होणाऱ्या ओढीपेक्षा अधिक खोल जाते. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण याच बाबतीत घेता येईल : आकाशवाणीने नाकारलेला त्यांचा आवाज १९६९ च्या ‘भुवन शोम’मध्ये निवेदनासाठी वापरला गेला, म्हणजे प्रेक्षकांना चेहऱ्याची ओळख पटण्याआधीच आवाज कानी पडू लागला होता. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ आणि विनोद खन्ना शेजारी शेजारी उभे आहेत. तो चित्रपट मी सर्कल चित्रपटगृहात पाहिला, तेव्हा विनोद खन्ना पडद्यावर आले की बायकांच्या रांगेत कुजबुज होत असे आणि अमिताभ आले की सारे चित्रपटगृह बोलू लागे. मला हा फरक तेव्हा कळला नव्हता.

एक गोष्ट मात्र या प्रयोगातून सुटते. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर येत राहिली, तरी ती आपल्याला आवडू लागते. तिच्यात काही विशेष असण्याची गरज नसते. सासूबाईंच्या ऐन विशीत सिनेमाच्या जाहिरातींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि बहुधा एखाद्या मैत्रिणीच्या वहीच्या आतल्या बाजूलाही देव आनंद होते. लेकीच्या वाट्याला तसा हृतिक आला. तेव्हा तिघींपैकी कोणीही आपल्या नटाकडे परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही, आणि पाहावे असा माझा आग्रहही नाही.

आता निकाल. देखणा चेहरा म्हणाल, तर विनोद खन्ना, आणि त्यांच्या जवळपासही दुसरा कोणी नाही. आकर्षक पुरुष म्हणाल, तर दिलीपकुमार. आपल्या चौघांपैकी दोघे जिंकले असून ते दोघे नवरा-बायको आहेत, ही गोष्ट सासूबाईंना कशी सांगायची, ते मात्र आपले आपण ठरवावे.

प्रश्न : माझे वय २२ असून मी दोन वर्षांपासून व्यायामशाळेत जातो. जुन्या नटांचे छाती-दंड आजच्या नटांसारखे नव्हते, तरी त्यांना आकर्षक मानले जाई. मग आज पिळदार शरीराशिवाय नायक का चालत नाही? आणि इतका व्यायाम करूनही माझे पोट पडद्यावरच्यासारखे का दिसत नाही? – एक वाचक, सातपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपल्या प्रकृतीचा संबंध आहे. पडद्यावर दिसणारे ते शरीर रोजचे नसते. उघड्या अंगाचे चित्रीकरण ज्या दिवशी असते, त्याच्या आधी अनेक नट मीठ आणि पाणी कमी करतात, जेणेकरून कातडी स्नायूंना घट्ट चिकटलेली दिसावी. चित्रीकरणाच्या काही मिनिटे आधी जोर मारून स्नायू फुगवतात, अंगाला तेल लावतात, आणि प्रकाशयोजनाकार दिवा बाजूने ठेवतो, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. समोरून सपाट प्रकाश टाकला, तर त्याच पोटावरच्या निम्म्या रेघा नाहीशा होतात. आपण घरातल्या ट्यूबलाइटखाली आरशात पाहून स्वतःची तुलना करत असाल, तर ती तुलना दिव्यांशी चालली आहे. पाणी तोडण्याचा प्रकार तर वैद्यकीय देखरेखीवाचून मुळीच करू नये.

पहिल्या प्रश्नाविषयी बोलायचे, तर शरीर दाखवणे अगदी नवे नाही. १९६६ च्या ‘फूल और पत्थर’मध्ये धर्मेंद्र यांनी सदरा काढला, त्याची चर्चा दीर्घकाळ चालली. पण तो सदरा त्यांनी एका आजारी म्हातारीच्या अंगावर पांघरण्यासाठी काढला होता. २००७ चा ‘ओम शांती ओम’ आणि २००८ चा ‘गजनी’ येईपर्यंत शरीर हाच प्रसंग झाला आणि पोटावरच्या घड्या जाहिरातीत मोजून दाखवल्या जाऊ लागल्या. उलट बाजूला रजनीकांत पाहा. शिवाजीराव गायकवाड या नावाच्या, मराठी घरातल्या, बंगळुरूत बसवाहकाची नोकरी केलेल्या या माणसाने पडद्यावर गॉगल फिरवण्याच्या एका हालचालीवर पिढ्या खिळवून ठेवल्या, आणि पडद्याबाहेर ते टक्कल, पांढरी दाढी आणि साधी लुंगी किंवा धोतर नेसून कोणताही संकोच न बाळगता वावरतात. चित्रपटातला आणि बाहेरचा यांच्यात एवढे अंतर मोकळेपणाने दाखवणारा दुसरा नायक भारतात क्वचितच सापडेल.

प्रश्न : संगणकाने चेहरा मोजून अमुक नट इतके टक्के परिपूर्ण आहे, अशा बातम्या येतात. त्यांत तथ्य किती? – एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : फारसे नाही. १.६१८ हे सुवर्णगुणोत्तर गणितात खरे आहे, परंतु चेहऱ्यावरचे कोणते दोन बिंदू मोजायचे हे मोजणाराच ठरवतो, आणि हवे ते बिंदू निवडले की हवी ती टक्केवारी निघते. शिवाय तो ज्या छायाचित्रावरून मोजतो, ते कोणत्या भिंगाने घेतले हे बातमीत नसते. अगदी जवळून रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि दुरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने तोच चेहरा सपाट आणि प्रमाणबद्ध दिसतो. माणूस एकच असतो.

याचा याहून मोठा पुरावा फाळके यांनी फार पूर्वी दिला आहे. मुंबईहून नाशिकला बिऱ्हाड आणि चित्रशाळा हलवल्यानंतरच्या काळात, १९१७ साली, त्यांनी ‘लंकादहन’ काढला आणि त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाला दिल्या. तोच चेहरा पुरुषोत्तम म्हणूनही लोकांनी मानला आणि सीता म्हणूनही. त्याचे टक्के कोणते काढणार?

प्रश्न : माझी पत्नी म्हणते, की डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्यापुढे हिंदीतले सारे नायक फिके होते. मी त्यांचे ‘पाठलाग’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ हे चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहिले. माणूस चांगला दिसतो, यापलीकडे मला काही जाणवले नाही. आम्हा दोघांत कोण चुकते आहे? – एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : कोणीच नाही. आपण चित्रपट पाहिला आहे आणि त्यांना नाटक आठवते आहे. घाणेकर हे पेशाने दंतवैद्य. घारे डोळे, सैल पडलेले केस आणि सडपातळ बांधा एवढीच त्यांची सामग्री म्हणता येईल, आणि कॅमेऱ्याने तेवढीच टिपली. रंगभूमीवर त्यांच्याजवळ जे होते, ते टिपण्यासारखे नव्हते. आपल्या नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकर यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये संभाजी लिहिला आणि ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये लाल्या, या दोन भूमिकांनी घाणेकरांना मराठी रंगभूमीवरचे पहिले असे नट केले, की ज्यांच्या प्रवेशाला चित्रपटगृहातल्यासारख्या शिट्ट्या पडू लागल्या. जाहिरातीत साऱ्या नटांची नावे झाली, की सर्वांत शेवटी ‘आणि’ लिहून त्यांचे नाव येत असे. बंडखोर, वडिलांनी न समजून घेतलेला राजपुत्र आणि बिघडलेला पण मनाने हळवा विद्यार्थी, या दोन्ही व्यक्तिरेखांत प्रेक्षागृहातल्या तरुण मुलींना वाचवावासा वाटणारा माणूस होता, आणि तो वीस-पंचवीस हातांवर, खरा श्वास घेत, घामाने भिजलेला उभा होता. चित्रपटात हे अंतर उरत नाही, कारण तेथे जवळचे आणि दूरचे कॅमेरा ठरवतो.

इरफान खान यांच्या बाबतीत असेच काहीसे, पण उलट दिशेने घडले. रूढ अर्थाने त्यांना देखणे कोणी म्हटले नसते. इगतपुरीजवळ त्यांचे शेतघर होते, आसपासच्या गावकऱ्यांना त्यांनी रुग्णवाहिका आणि मुलांच्या पुस्तकांची मदत केली होती, आणि २०२० साली त्यांच्या निधनानंतर तेथील लोकांनी आपल्या वस्तीला ‘हिरोची वाडी’ म्हणायचे ठरवल्याच्या बातम्या आल्या. त्या गावकऱ्यांना हिरो या शब्दाचा अर्थ विचारायला हवा, आम्हा समीक्षकांना नव्हे.

आपल्या पत्नीने नाटकाचा तो प्रयोग कोणत्या वर्षी आणि कोणत्या रांगेतून पाहिला, तेवढे विचारून कळवावे. पहिल्या चार रांगांपैकी एखादी असेल, तर मी त्यांच्याच बाजूने मत देईन.