वडील संशयित, पुढं काय?

प्रश्न : वडिलांना खुनाच्या संशयावरून अटक झालीय. साखर पेठेत आईला पाहून बायका गप्प होतात. धाकटा चौदाचा, पोलीस त्याचा जबाब घेणार म्हणतात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांना पटवत बसू नका, दम जातो. पंधराच्या आतल्या मुलाला किंवा बाईला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी घ्यावा लागतो, त्यावर सहीही नसते. धाकट्याला उत्तरं पाठ करून देऊ नका, उलटतपासणीत तीच उघडी पडतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिल्याची, तारीख कॅलेंडरवर लाल करा. तिथपासून ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज आरोपपत्राआधी पडायला हवा. लोक इथंच चुकतात.