राजापूर लोकसभा मतदारसंघ कुठे गेला?

तुम्ही विचारलंय: ‘मधु दंडवते राजापूरचे खासदार होते असं वाचलं, पण आजच्या यादीत राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच सापडत नाही. तो कुठे होता आणि का गेला?’

आधी थोडक्यात सांगतो. राजापूर मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीपासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत होता. २००८ साली मतदारसंघांची फेररचना लागू झाली, तेव्हा राजापूर आणि शेजारचा रत्नागिरी हे दोन्ही मोडले. २००९ पासून ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ असा एकच मतदारसंघ आहे. आमचं मूळ गाव या राजापूर मतदारसंघातलं. आजोबांपासून माझ्यापर्यंत तीन पिढ्यांनी याच नावाखाली मतं दिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव राजापूरचं, पण पसारा बहुतेक त्याच्या दक्षिणेला. रत्नागिरी जिल्ह्याचा खालचा भाग, मग देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी करत थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला तरी मतदारसंघाचं नाव बदललं नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाचा जिल्हा सिंधुदुर्ग झाला, खासदार मात्र राजापूरचाच राहिला. शहर म्हणावं असं या टापूत काही नव्हतं. कातळ, खाड्या, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या, आणि जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला.

आता एक गोष्ट बघा. इथे १३ निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार: बॅ. नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, मेजर सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. यातले काँग्रेसचे एकटे सावंत, १९९१ चे. काँग्रेसचं राज्य पक्कं असलेल्या त्या काळात अर्ध्या शतकात एकदाच काँग्रेस निवडून देणारा ग्रामीण मतदारसंघ महाराष्ट्रात विरळाच.

सुरुवात नाथ पैंपासून होते. जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ चा. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत न्हालेली होती. प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै तेव्हा पहिल्यांदा लोकसभेत गेले, पुढे १९६२ आणि १९६७ लाही. आमचे आजोबा त्यांच्या सभेला दोन कोस चालत गेल्याचं सांगायचे. भाषणातलं किती कळलं असेल देवाला ठाऊक, पण झोपडी ही निशाणी त्यांच्या डोक्यात कायमची बसली.

दिल्लीत मात्र नाथ पैंनी फार मोठा प्रश्न हाती घेतला. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात त्यांचं निधन झालं, वय अवघं ४८. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, ती त्याच दिशेची होती. जिथे पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत पलीकडच्या गावाशी संबंध तुटायचा, तिथल्या खासदाराच्या नावाने घटनेची चर्चा व्हावी, याचा मला आजही अभिमान वाटतो.

लोकसभा डिसेंबर १९७० मध्येच बरखास्त झाली होती, त्यामुळे पोटनिवडणूक झाली नाही. मार्च १९७१ मध्ये दंडवते उभे राहिले. जन्माने ते अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कोकणी माणूस परक्याला सहसा लवकर आत घेत नाही, पण यांना घेतलं. त्या वर्षी इंदिरा गांधींची लाट होती, प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार आले, आणि त्यातला एक राजापूरचा. १९८४ ला तर काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, तरी दंडवते निवडून आले. मधल्या काळात आणीबाणीत ते तुरुंगात होते. २६ जून १९७५ ला वाजपेयी आणि अडवाणींबरोबर बंगळूरला त्यांना अटक झाली होती.

१९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. हे वाक्य आज साधं वाटेल, पण लाकडाच्या फळीवर रात्र काढलेल्या माणसाला विचारा. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा रूळही नव्हता. मुंबईहून गावी यायचं म्हणजे एसटी, रात्रभर घाट, उलट्या आणि सकाळी कणकवली. कोकण रेल्वेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुढे ते वि. प्र. सिंह सरकारात अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. काम सुरू झालं आणि १९९१ ला दंडवते पडले! संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला, तेव्हा मतदारसंघ शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे होता. नंतर प्रभूही रेल्वेमंत्री झाले, पण २०१४ नंतर, राज्यसभेतून.

दंडवते का पडले, यावर गावात अजून वाद होतात. माझं मत असं: इथला खासदार अर्धा मुंबईत ठरायचा. लालबाग-परळच्या चाळीतून मनीऑर्डर यायची, तिच्या सोबतच्या चार ओळींत कधी कधी मत कुणाला द्यायचं तेही असायचं. गिरणगावात समाजवादी आणि डाव्या कामगार चळवळी जोरात होत्या तोवर गावात समाजवादी टिकले. १९८२ चा गिरणी संप फसला, चाळीतलं वातावरण बदललं, शिवसेनेच्या शाखा गावोगाव उघडल्या, आणि जुनी मतं विखुरली. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४, चारही वेळा प्रभू निवडून आले.

आता ‘का गेला’ याकडे. कुणी सूड म्हणून मोडला असं गावात ऐकू येतं, ते खरं नाही. कारण लोकसंख्येचं आहे. न्या. कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आयोगाने, २००१ ची जनगणना धरली. राज्याच्या जागा ४८ च राहणार होत्या. तेव्हाची राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख, म्हणजे एका जागेमागे साधारण २० लाख माणसं. रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाख, सिंधुदुर्गची ८.६९ लाख, रायगडची २२.०८ लाख. तिघांची बेरीज ४७.७ लाख, म्हणजे सव्वादोन ते अडीच जागा. आधी या पट्ट्यात कुलाबा (रायगडचं जुनं नाव), रत्नागिरी आणि राजापूर अशा तीन होत्या. उलट ठाणे जिल्ह्यात ८१ लाख माणसं होती आणि जागा दोनच, डहाणू आणि ठाणे. तिथे चार झाल्या.

मग तोडजोड अशी झाली: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले. पनवेल, कर्जत, उरण घाटावरच्या मावळात गेले.

मला यात टोचतं ते वेगळंच. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बाया होत्या. पुरुष कुठे होते? मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. जनगणनेला ते तिथे मोजले गेले, आणि जागाही तिकडे गेली. घर, कुळाचा देव, सात-बारा गावात. डोकं मोजलं शहरात. २०११ ला तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. आकड्यांचा नियम मला मान्य आहे, सगळ्यांच्या मताची किंमत सारखी असायलाच हवी. पण चिपळूणपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत एकच खासदार म्हटल्यावर तो आमच्या वाडीपर्यंत पोचायचा कधी, हा प्रश्न उरतोच.

२००९ ला नव्या मतदारसंघात प्रभू पडले आणि काँग्रेसचे नीलेश राणे आले.

जुने निकाल शोधणार असाल तर १९५२ साठी ‘रत्नागिरी दक्षिण’ बघा, १९५७ ते २००४ साठी ‘राजापूर’. फक्त विधानसभेचा राजापूर अजून आहे, त्याचे आकडे यात मिसळू देऊ नका.