वाचकांचे प्रश्न : डॉक्सी, अमॉक्सी आणि टाचेचं दुखणं

प्रश्न : लावणी चालू होती तेव्हा आशाताई लेप्टो (चिखल-पाण्यातनं होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) कॅप्सूल देऊन गेल्या, आठवड्यातनं एकदा दोन घ्यायच्या. मी रात्री अंथरुणावर बसून दोन घोट पाण्याबरोबर घेतल्या आणि झोपले, तर पहाटे छातीच्या मधोमध अशी आग पडली की वाटलं हार्टचंच काहीतरी झालं. दोन दिवस भाकरी गिळवेना. शेजारच्या काकींना तापात अमॉक्सिसिलिन दिलेलं, त्यांना काहीच त्रास नाही झाला. मग मीपण तेच घेऊ का?
- एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : ताई, छातीत दुखलं की एकदा ईसीजी काढून घ्या, त्यात कंजूषपणा नको. पण गिळताना दुखतंय म्हणजे बहुतेक कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली आणि तिथेच विरघळली. डॉक्सी आम्लधर्मी असते, एका जागी चिकटून राहिली की आतली त्वचा भाजते. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं पडायचं नाही, झोपताना तर नकोच. अजून गिळायला दुखत असेल तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

आता आणखी दोन गोष्टी ज्या सहसा कोणी सांगत नाही. एक, डॉक्सीवर असताना ऊन लवकर लागतं, पाऊस थांबून ऊन पडलं आणि तुम्ही दुपारभर वाकून शेतात असाल तर मान आणि हात लालबुंद होतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचं घाला. दुसरी, आरोग्य केंद्रातली लोहाची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, ती औषधाला धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दिवस गेले असतील तर आधी सांगा. लहान मुलांनाही आपल्या वाटणीची द्यायची नाही, दात पिवळे-तपकिरी होण्याची भीती असते.

काकींच्या अमॉक्सिसिलिनचं काम वेगळं. ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं, जंतू आपली भिंत बांधतो त्यातले चिरे सांधायचं कामच ते बंद पाडतं, मग आत पाणी शिरून जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला बरंच सोसतं. त्रास होतो तो जुलाबाचा, आणि काहींना अ‍ॅलर्जीचा: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, दम लागणं, यातलं काही झालं की लगेच हॉस्पिटल. डॉक्सी भिंतीला हात लावत नाही, ती जंतूच्या आतला प्रोटीन बनवायचा कारखाना थांबवते. लेप्टोवर पेनिसिलिनही चालतं, जास्त आजारी पेशंटला इंजेक्शनमधून देतात. पण तसाच ताप स्क्रब टायफसचाही (झुडपांतला बारीक किडा चावून होणारा ताप) असू शकतो, त्याचा जंतू आपल्या पेशीच्या आत घुसून बसतो, तिथे अमॉक्सिसिलिनचा उपयोग नाही आणि डॉक्सी मात्र आत पोचते. म्हणून डॉक्सीच्या आठवड्याच्या दोन कॅप्सूल, म्हणजे २०० मिलिग्रॅम, यांच्या जागी काकींची गोळी चालणार नाही. आणि कॅप्सूल घेतली म्हणून चिखलात जखम उघडी ठेवून उतरू नका, कॅप्सूलने धोका कमी होतो, संपत नाही.

प्रश्न : वय ६३, अजून होडीवर जातो. लघवीच्या इन्फेक्शनला लिवोफ्लॉक्सासिन चालू आहे आणि दम्यासाठी स्टेरॉइडची गोळीपण. जाळं ओढताना टाचेच्या वर कळ येते. वयाचं असेल का?
- हर्णै

उत्तर : काका, वयावर ढकलू नका, पुढची गोळी घ्यायच्या आधी आजच डॉक्टरांना फोन करा आणि तोवर जाळं ओढू नका. सिप्रो, ओफ्लॉक्स, लिवो ही सगळी एका कुळीची, जंतूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम बंद करतात. औषध जोरदार आहे, पण स्नायूला हाडाशी जोडणारी शीर कमकुवत करू शकतं, टाचेवरची तर तुटूही शकते. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइडबरोबर हा धोका वाढतो, तुमच्याकडे दोन्ही आहे! डायबेटिसची गोळी असेल तर तेही सांगा, या औषधांनी साखर एकदम खाली येते कधीकधी.

प्रश्न : सर्दी झाली की मेडिकलवाला अ‍ॅझिथ्रो (अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक) देतो, ३ दिवसांचाच कोर्स. ३ दिवसांत काय होणार?
- रत्नागिरी

उत्तर : ३ दिवस गोळ्या, पण औषध त्यानंतरही बरेच दिवस अंगात राहतं, म्हणून कोर्स छोटा. हीसुद्धा प्रोटीनचा कारखानाच बंद करते, फक्त डॉक्सीपेक्षा वेगळ्या ठिकाणी पकडते. पोटात मुरडा, मळमळ नेहमीचीच. हार्टच्या ठोक्यांसाठी औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका, ठोके बिघडू शकतात. आणि सर्दीला ती द्यायचं कारणच नाही, सर्दी व्हायरसची, त्याला ना भिंत ना स्वतःचा कारखाना, गोळी मारणार कशावर? गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती बघा, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा तिचा अर्थ, मेडिकलवाल्यालाही ठाऊक आहे.