बागेतले प्रश्न : भिंतीतली पायर

प्रश्न : आमच्या जुन्या घराची मागची भिंत पाडली. तिच्यात वाढलेली पायर मेअखेरीस एका जांभ्या दगडाच्या चिऱ्यासकट काढली. बुंधा दोन बोटं जाड आहे. वरून छाटून, भोकं पाडलेल्या घमेल्यात लावली. आता तांबूस पालवी फुटलीय. बोन्सायच्या उथळ कुंडीत कधी हलवू? फांद्यांना वळण द्यायला तार कधी बांधू? पानं लहान कशी करायची?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : उथळ कुंडीचं एवढ्यात नाव काढू नका. पालवी फुटली म्हणजे झाड लागलं असं नव्हे. पायर वडा-पिंपळाच्या जातकुळीतली. बुंध्यातल्या साठ्यावर ती मुळं नसतानाही पानं काढते. त्यात आपल्याकडच्या पावसात हवाच इतकी ओली, की त्या पानांचं काही अडत नाही. खरी परीक्षा चवथीनंतर. पाऊस ओसरून कडक ऊन पडलं की बिनमुळांची पानं दुपारी माना टाकतात. तोवर घमेलं सकाळचं ऊन मिळेल तिथे ठेवा, आणि बुंधा धरून हलवून बघायचा मोह आवरा; कोवळी मुळं तेवढ्यानेही तुटतात. पहिल्या पानांच्या पुढे शेंडा वाढत राहिला, भोकांतून पांढरी टोकं डोकावली, की लागलं समजा.

माती कसली घातलीत ते लिहिलं नाहीत. अंगणातली तांबडी असेल तर पावसात ती दडपून घट्ट होणार. तरी आता उकरू नका. घमेल्याच्या एका बाजूखाली वीट सारा, म्हणजे पाणी साचणार नाही. माती बदलायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी चिरेखाणीवरचा चुरा वापरते. चाळणीतून पिठासारखा पडतो तो टाकून द्यायचा, हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे, त्यात चौथा हिस्सा कुजलेला पालापाचोळा. विकतच्या जपानी मातीवर पैसे घालवायची मला तरी गरज वाटत नाही.

चिरा मात्र सोडवू नका! तुमच्या झाडाची खरी किंमत तिथे आहे. भिंतीच्या सांध्यात वाढलेली मुळं फितीसारखी चपटी होतात, चिऱ्याच्या छिद्रांत शिरतात, पलीकडून बाहेर पडतात. कुंडीत रुजवलेल्या रोपाला अशी मुळं आणता आणता माणूस म्हातारा होतो. चिरा पाणीही धरून ठेवतो. सध्या तो मातीत अर्धा-अधिक गाडलेला राहू दे. मुळं जाडावली की दरवर्षी वरची थोडी थोडी माती कमी करून त्यांना उघडं करत जायचं.

थंडीच्या दिवसांत पानं पिवळी पडून गळतील. घरचे म्हणतील, मेलं. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड झोपलंय. या दिवसांत पाणी कमी, खत बंद. फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नवे अंकुर, फुगायला लागले की छाटणी. चीक वाहील, पाणी फवारलं की थांबतो. जुन्या खोडावरूनही फुटवे येतात, त्यामुळे कापायला घाबरू नका. पण खालची एक फांदी मोकळी, हवी तेवढी लांब वाढू द्या. लांब वाढली तरच ती जाड होते, आणि खालची फांदी वरच्यांपेक्षा बारीक राहिली तर झाड कधीच जुनं दिसत नाही. तार त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, फांदी लवचीक असताना. पावसात पायर भराभर फुगते आणि तार सालीत रुतते, म्हणून दर पंधरवड्याला बघा. काढायची वेळ आली की उलगडत बसू नका, पक्कडीने तुकडे करून काढा.

पानांचं सगळ्यात शेवटी. फांद्यांचं जाळं दाट झालं की ती आपोआप लहान होतात. लहान पानं यावीत म्हणून काहीजण आहेत ती खुडतात, पण अशक्त झाडाची पानं खुडणं म्हणजे त्याचा घास काढून घेणं. तरीही पायरीचं पान ते पायरीचंच. वीतभर बोन्सायचा हट्ट नको, दोन फुटांचं करा, शोभेल. उथळ कुंडी तीन-चार वर्षांनी.

प्रश्न : नेत्रावळीच्या रानात कुंभ्याची, शेमटाची सुंदर वेडीवाकडी झाडं दिसतात. एखादं आणलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगे

उत्तर : नाही. ते अभयारण्य आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथलं झाड विनापरवाना हलवता येत नाही. खासगी जमिनीतल्या मोठ्या झाडालाही गोव्याचा 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो, तेव्हा आधी वनखात्याकडे विचारा. शिवाय रानातल्या कुंभ्याचं सोटमूळ खोल गेलेलं. ते तोडून आणलेलं झाड बहुधा जगतच नाही. शेमट हवा असेल तर रान कशाला? गावातल्या कुंपणांना त्याच्याच काठ्या रोवतात आणि त्या फुटतात. कुंपणाच्या मालकाला विचारून, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड निष्पर्ण असताना मनगटाएवढी वाकडी काठी घ्या, दोन-तीन दिवस सावलीत चीक सुकू द्या आणि लावा. खालचं टोक तिरकं कापून ठेवा, म्हणजे उलटी लावली जाणार नाही.