विज्ञान म्हणजे नक्की काय? पुस्तकातली व्याख्या नको, तुमची स्वतःची समज सांगा.

मी कॉमर्सवाली, बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. तरी लिहितेय, कारण "तुम्हाला सायन्समधलं काय कळणार वहिनी" हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय आणि ते अजून सलतं.

२०१५ ची गोष्ट, आम्ही नेरूळला राहतो. घरी पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनवाला एक मुलगा डेमो द्यायला आला, धाकट्या दिरांनीच बोलावला होता, ते इंजिनियर. त्याने दोन ग्लास ठेवले, एकात आमचं नळाचं पाणी, एकात त्याचं आरओचं, दोन्हीत रॉडवालं यंत्र बुडवलं आणि प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी पिवळट, मग तपकिरी, वर गाळाचा फेस, आणि त्याचं पाणी जसंच्या तसं. सासूबाई रडायच्याच बाकी होत्या, "हे मी पोरांना पाजलं?" भावोजी म्हणाले, बघा, डोळ्यांसमोर सायन्स. मशीन अठरा हजारांचं.

मला रसायनं कळत नव्हती पण माझी नजर रॉडवर गेली, एक रॉड कुरतडल्यासारखा झिजलेला. आता हिशेबाची सवय म्हणा, पण एका बाजूला काही कमी झालं असेल तर ते दुसरीकडे कुठेतरी जमा दिसलंच पाहिजे ना. घाण पाण्यातूनच आली असेल तर रॉड का झिजला? मी त्या मुलाला म्हटलं, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत लाव. त्याने यंत्र गुंडाळलं आणि सर नंतर फोन करतील म्हणाला.

मग मीच करून बघितलं. नऊ व्होल्टची बॅटरी, लोखंडी खिळे, आणि गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. नुसत्या पाण्यात काहीच झालं नाही. मीठ टाकलं आणि थोड्या वेळात तोच तपकिरी गाळ. भावोजी म्हणाले, मीठ अशुद्ध असेल. ठीक आहे, तेच पाणी तेच मीठ, पण खिळ्यांऐवजी दोन्हीकडून टोक काढलेल्या पेन्सिली लावल्या. बुडबुडे आले, स्विमिंग पूलसारखा वास आला, तपकिरी गाळ नाही. शेवटी नवे दोन खिळे ओळखीच्या सोनाराकडे आधी आणि नंतर, गंज पुसून, तोलून आणले. प्लसचा खिळा दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास हलका भरला, मायनसचा आधी होता तेवढाच. म्हणजे गाळ लोखंडाचाच होता. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि लोखंड झिजून गंजासारखं खाली बसतं, आरओच्या पाण्यात क्षारच जवळपास नसतात म्हणून ते स्वच्छ दिसतं. बाकी काही नाही.

माझ्यासाठी विज्ञान म्हणजे हे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं काय बदललं. डोळ्यांसमोर दिसलं हा पुरावा नाही, डोळ्यांसमोर तर जादूगारही दाखवतो. आणि भावोजींसारखं दर वेळी नवीन कारण काढायचं नाही. पुढे मुलीच्या पुस्तकात वाचलं की कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञाने १९३४ मध्येच सांगून ठेवलंय, जे म्हणणं कशानेच खोटं ठरू शकत नाही ते विज्ञान नव्हे. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

पण पूर्ण सांगते. मी सासूबाईंना ठासून सांगितलं होतं की आपलं पाणी चांगलं आहे, मोरबे धरणाचं, महापालिका शुद्ध करून देते. ते मी कशावरून म्हटलं? कशावरूनच नाही, माझ्या खिळ्यांनी फक्त तो डेमो निरर्थक ठरला होता. नंतर लॅबमध्ये नमुना दिला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास (भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो) पण कोलिफॉर्म जंतू निघाले, सोसायटीची खालची टाकी कित्येक महिने धुतली नव्हती. भावोजी म्हणाले, बघा मी म्हणत होतो. अहो, पण जंतू ना त्या रॉडवर दिसतात ना टीडीएस मीटरवर! टाकी धुतली, क्लोरीन टाकलं, पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला. भावोजींनी मशीन घेतलंच, स्वतःच्या घरी.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वेगळं, तिथे तपासणी करून आरओ लागूही शकतो. आणि हा प्रयोग खिडकी उघडी ठेवून आणि बॅटरीवरच करा, घरातल्या प्लगला चुकूनही तारा लावू नका. आकाशातल्या ताऱ्यांच्या अभ्यासात असा एकेक गोष्ट बदलून प्रयोग करता येत नाही, तेव्हा माझी व्याख्या सगळीकडे पुरत नसेल, ते जाणकारांनी सांगावं.

तुमच्याही घरी कुणी "सायन्स आहे" म्हणून गप्प करत असेल तर एवढंच विचारा, काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल? भावोजींना मी हे दर गणपतीत विचारते, अजून उत्तर आलेलं नाही. माझं तेव्हाच ठरलेलं होतं, प्लसचा खिळा हलका भरला नसता तर त्याच संध्याकाळी मी अठरा हजारांचा चेक लिहून दिला असता.