शब्द शेवटाकडून वाच

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. 'मराठी शाळेतून आले, म्हणून हे वैद्यकीय शब्द तोंडात बसत नाहीत' असं तू लिहिलंस. ते वाचून राहवलं नाही. अगं, हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक सगळे ग्रीक नाहीतर लॅटिन. तुझ्या वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुलींनाही ते तितकेच परके आहेत.

कोलेसिस्टेक्टॉमी घे आणि शेवटाकडून वाच. एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, सिस्ट म्हणजे पिशवी, कोले म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढणं! आपला 'पित्ताशय' असाच तर जोडलाय. शेवट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. नुसतं टॉमी म्हणजे छेद घेणं, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, स्टॉमी म्हणजे तोंड पाडून ठेवणं. दोन अक्षरं चुकली की ऑपरेशनच बदलतं.

मूत्रपिंडाची धमनी रीनल, पण तिथे सूज आली की नेफ्रायटिस, असं का, हे तू विचारलंस. हिपोक्रेटिस, गॅलन हे जुने वैद्य ग्रीकमध्ये लिहायचे, म्हणून आजारांच्या नावांत नेफ्रायटिससारखी ग्रीक मुळं जास्त. पुढे युरोपात शरीररचना लॅटिनमध्ये शिकवली गेली. शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसचा १५४३ चा गाजलेला ग्रंथही लॅटिनच. म्हणून अवयवांच्या वर्णनात रीनलसारखे लॅटिन शब्द. नियम काटेकोर नाही, पण पुष्कळदा उपयोगी पडतो.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आजी 'गुडघ्याची वाटी दुखते' म्हणते ना? पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटलीच! आणि संस्कृतातून आलेले आपले शब्द तर या मुळांचे सख्खे भाऊबंद आहेत. डेन्स आणि दंत, जेनू आणि जानू (गुडघा), ऑस्टिऑन आणि अस्थी. हेपटायटिसमधला 'हेपार' आणि आपलं 'यकृत' कानाला किती वेगळे वाटतात, पण मूळ एकच. तू रिकाम्या हाताने आलेली नाहीस, पोरी.

मुळावर डोळे झाकून विसंबू मात्र नकोस. आर्टरीच्या ग्रीक शब्दामागे हवा वाहणारी नळी ही कल्पना होती, कारण मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसत. शब्द त्या काळची समजूत सांगतो, शरीर नव्हे. आणि काही शब्द सरळ पाठच करावे लागतात. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला इलियम विचारलं. मी आतड्याचं सांगत बसलो. परीक्षकांच्या हातात कमरेचं हाड होतं. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक: आतड्याचं ileum, हाडाचं ilium. ती दोन्ही स्पेलिंगं आजच शेजारी शेजारी लिहून ठेव.

वॉर्डात जाशील तेव्हा हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) फोनवर कधीच नुसते बोलू नकोस. रात्री दोन वाजता, गोंगाटात, ते सारखेच ऐकू येतात. 'पोटॅशियम कमी आहे' असं सांग, आकडा सांग, आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घे.

तुझा,
सर